पावडर सादळू नये म्हणून: पेप्टाइड औषधाची श्वसनयोग्य कोरडी पावडर विकसित करण्याची रीत

डिसेंबरात रबाळ्याच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत एका पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) पावडर स्प्रे ड्रायरवर, म्हणजे द्रावणाचे तुषार गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्रावर, सुकवली, तेव्हा ती सायक्लोनखालच्या (हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या काचेच्या भांड्याखालच्या) बाटलीत मैद्यासारखी मोकळी उतरली. तीच कृती, तीच तापमाने आणि तेच नोझल घेऊन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बॅच घेतली, तर निम्मी पावडर सायक्लोनच्या काचेला लेपासारखी बसली आणि उरलेली, बाटली तिरकी केल्यावर, एकच ढेप होऊन सरकली. यंत्र चालवणारा सहकारी एवढेच म्हणाला, "सर, पावडर सादळली." अहवालात आम्ही 'अवशिष्ट आर्द्रता मर्यादेबाहेर' असे लिहिले खरे, पण पापडासाठी वापरला जाणारा तो घरगुती शब्दच अधिक नेमका होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, खाडीच्या काठावर, हे काम करणाऱ्याने पेप्टाइडच्या रेणूइतकाच खोलीतल्या हवेचा अभ्यास केला पाहिजे, असे माझे मत त्या जुलैपासून बनले आहे, आणि पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आधी मात्रेचे गणित

पेप्टाइड पोटातून दिले तर जठरातील आम्ल आणि पाचक विकरे त्याचे तुकडे करतात, म्हणून बहुतेक पेप्टाइडे टोचूनच द्यावी लागतात. फुप्फुसाचे आकर्षण येथे निर्माण होते. वायुकोशांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर, म्हणजे ठाण्यातल्या हजार चौरस फुटांच्या फ्लॅटएवढे भरते, त्यांचे अस्तर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, आणि औषध आधीच मोडून टाकणारा यकृताचा पहिला फेरा टळतो. तरीही कॅप्सूलमध्ये भरलेले सगळे औषध रक्तात पोहोचते अशी समजूत करून घेऊ नये.

एका कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम पावडर आणि तिच्यात २० टक्के पेप्टाइड आहे असे धरू. म्हणजे पेप्टाइड २ मिलिग्रॅम झाले. कॅप्सूल टोचून पावडर ओढण्याच्या उपकरणातून ८५ टक्के बाहेर पडले तर १.७ मिलिग्रॅम उरते, त्यातील ६० टक्के कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असले तर सुमारे १ मिलिग्रॅम फुप्फुसात उतरण्यायोग्य ठरते, आणि त्याचाही पाचवा हिस्सा रक्तात शिरला तर हाती ०.२ मिलिग्रॅम येते. हे आकडे उदाहरणादाखल असले तरी वास्तवापासून दूर नाहीत. २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आणि २००७ साली बाजारातून काढून घेतलेल्या एक्झुबेरा या श्वसनमार्गी इन्सुलिनची जैवउपलब्धता (रक्तात पोहोचणारा वाटा) टोचलेल्या इन्सुलिनच्या तुलनेत दहा टक्क्यांच्या आसपासच होती. तेव्हा टोचण्याची मात्रा काही मिलिग्रॅम असलेले पेप्टाइड या मार्गाने द्यायचे ठरवले, तर दर वेळी अनेक कॅप्सुली ओढाव्या लागतील आणि महागड्या कच्च्या मालाचा मोठा भाग घशातच जाईल. असा प्रकल्प पहिल्याच दिवशी कागदावर थांबवणे हीसुद्धा विकासाचीच पायरी आहे.

याच टप्प्यावर औषध कोठे पोहोचायला हवे तेही ठरवावे. रक्तात जायचे असेल तर वायुकोश गाठावे लागतात. क्षयावरील कॅप्रिओमायसिनसारखे पेप्टाइड प्रतिजैविक फुप्फुसातच काम करणार असेल, तर रक्तात कमी जाणे हा दोष राहत नाही. कॅप्रिओमायसिनची श्वसनयोग्य पावडर निरोगी स्वयंसेवकांमध्ये तपासली गेली आहे, आणि कोलिस्टिमेथेट या अशाच प्रतिजैविकाची कॅप्सूल युरोपात २०१२ साली मान्य झाली. आपल्याकडील रुग्णसंख्या पाहता ही दुसरी वाट अधिक लोकांनी धरावी असे मला वाटते.

कणाचा आकार

येथे मोजायचा तो वायुगतिकीय व्यास, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा व्यास नव्हे. ढोबळ सूत्र असे, की भौमितिक व्यासाला कणाच्या घनतेच्या वर्गमुळाने गुणावे. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी घशावर आदळतात, १ ते ५ मायक्रॉनचे कण फुप्फुसात उतरतात, खोल वायुकोशांसाठी १ ते ३ मायक्रॉन अधिक बरे, आणि त्याहून फारच लहान कणांपैकी बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर येतात.

नोझलमधून निघालेल्या थेंबापासून कण किती मोठा होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. १० मायक्रॉनचा थेंब, त्यात शंभर मिलिलिटरमागे २ ग्रॅम घनपदार्थ आणि कणाची घनता १.४ असेल, तर भौमितिक व्यास सुमारे २.४ मायक्रॉन आणि वायुगतिकीय व्यास सुमारे २.९ मायक्रॉन येतो. घनपदार्थ दुप्पट करून ४ ग्रॅम केला तरी व्यास जेमतेम सव्वापट होतो, कारण येथे घनमूळ काम करते. म्हणून कण मोठे आले की द्रावण पातळ करत बसण्यापेक्षा नोझलच्या वायूचा प्रवाह वाढवून थेंबच लहान करणे सहसा लवकर फळते. सुरकुतलेला किंवा पोकळ कण मिळाला, तर तो दिसायला मोठा असूनही हवेत लहान कणासारखा वागतो आणि शेजाऱ्याला कमी चिकटतो.

सोबतीला काय घालावे

दम्याच्या पावडरींमुळे लॅक्टोज हे नाव सर्वांच्या ओठांवर पहिले येते, पण पेप्टाइडसाठी ते टाळावे. लॅक्टोज ही अपचयी साखर (रिड्युसिंग शुगर) आहे, आणि लायसिन किंवा साखळीच्या टोकाचा अमिनो गट तिच्याशी मेलार्ड अभिक्रिया करतो. ब्रेड भाजताना येणारा तपकिरी रंग याच अभिक्रियेचा असतो. पावडर पिवळसर झाली की पुष्कळ उशीर झालेला असतो, कारण एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीवर) अनोळखी शिखर त्याच्या कितीतरी आधी दिसू लागते.

ट्रेहलोज ही अनपचयी साखर पेप्टाइडभोवती काचेसारखी अस्फटिकी चौकट उभी करते आणि रेणूच्या हालचाली थांबवते. कोरडी असताना तिचे काच-संक्रमण तापमान (ज्यावर ही काच मऊ, चिकट होऊ लागते) ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मात्र पाच टक्के पाणी शिरले की ते निम्म्याच्या आसपास घसरते. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या जवळपास ती स्फटिक होऊ लागते आणि पेप्टाइडला चौकटीबाहेर ढकलते. मॅनिटॉल पाणी कमी शोषते, पण स्वतःच स्फटिक होण्याकडे त्याचा कल असल्यामुळे एकट्याने ते चांगले संरक्षण देत नाही. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. मॅनिटॉलचीच पावडर श्वसनमार्गाची अतिसंवेदनशीलता तपासण्यासाठी ५ मिलिग्रॅमपासून चढत्या मात्रेत श्वासावाटे ओढायला देतात. म्हणजे दमेकऱ्याच्या बाबतीत हे द्रव्य निरुपद्रवी भराव समजता येणार नाही.

माझ्या हाती सर्वांत जास्त यश ल्युसिन या अमिनो आम्लाने दिले. पाण्यात ते कमी विरघळते, त्यामुळे थेंब आटू लागताच त्याच्या पृष्ठभागावर सर्वांत आधी ते साकळते आणि कणाभोवती पातळ, सुरकुतलेले, पाण्याला नाखूश असे कवच तयार होते. एकूण घनपदार्थाच्या १० टक्क्यांखाली हे कवच अर्धवट राहते, तर १५ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात ते बहुधा पूर्ण होते. सुरुवातीला पेप्टाइड २०, ट्रेहलोज ६० आणि ल्युसिन २० असे प्रमाण घ्यावे आणि तेथून सरकावे. मात्र ल्युसिन आणि ट्रेहलोज यांचा श्वसनमार्गातील वापराचा इतिहास लॅक्टोज-मॅनिटॉलच्या मानाने तोकडा आहे, त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेची माहिती आपल्यालाच उभी करावी लागेल, हा खर्च आराखड्यात आधीच धरावा.

वेगळ्या वाटेचे उदाहरण म्हणून अफ्रेझा पाहावे. २०१४ साली अमेरिकेत मान्य झालेल्या या इन्सुलिनमध्ये फ्युमारिल डायकीटोपिपेराझिन या द्रव्याच्या सूक्ष्म स्फटिकी कणांवर इन्सुलिन बसवलेले असते. आम्लात हे कण टिकतात आणि फुप्फुसातील उदासीन द्रवात चटकन विरघळतात, त्यामुळे इन्सुलिन साधारण १० ते २० मिनिटांत रक्तात उच्चांक गाठते. भारतात त्याचे वितरण सिप्लाकडे असून डिसेंबर २०२४ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली.

द्रावण तयार करणे

पेप्टाइडची साखळी समोर ठेवून आधी तिच्या दुखऱ्या जागा शोधाव्यात. अस्पॅराजिनशेजारी ग्लायसिन असेल तर विअमिडीकरण (अमाइड गट तुटणे), मेथिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन असेल तर ऑक्सिडीकरण, आणि ॲस्पार्टिक आम्लाशेजारी प्रोलिन असेल तर आम्लात साखळी तुटणे अपेक्षित धरावे. पीएच सहसा ४ ते ६ च्या दरम्यान ठेवावा, परंतु पेप्टाइडच्या समविद्युत बिंदूपासून (ज्या पीएचला त्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) दूर, नाहीतर ते गढूळ होऊन खाली बसते. इन्सुलिनचा हा बिंदू ५.३ च्या आसपास आहे, म्हणून त्याच्या बाबतीत सरधोपट पीएच ५ चालत नाही.

आधी ल्युसिन व ट्रेहलोज विरघळवून द्रावण गार करावे, पेप्टाइड शेवटी घालावे आणि चुंबकी ढवळणी भोवरा न होईल इतक्या वेगाने फिरवावी. पेप्टाइड हवा आणि पाण्याच्या सीमेवर उलगडते, आणि फेस म्हणजे अशा सीमांचा ढीगच असतो. ०.२२ मायक्रॉनच्या, प्रथिन कमी धरून ठेवणाऱ्या गाळणीतून गाळताना पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत, कारण तेवढे पेप्टाइड पडद्यालाच चिकटते. गाळल्यानंतरचे प्रमाण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुकवणे: येथे हवेचा हिशेब

प्रयोगशाळेतील लहान स्प्रे ड्रायरवर मी इनलेट (आत जाणारी हवा) ११० अंश, फीड (द्रावण) मिनिटाला २ मिलिलिटर, सुकवणारी हवा तासाला सुमारे ३५ घनमीटर आणि नोझलचा वायू तासाला ६०० लिटरच्या आसपास ठेवून आरंभ करतो. आउटलेट (बाहेर पडणारी हवा) ६० अंशांच्या जवळपास स्थिरावते. इनलेटचा आकडा पाहून नवशिके घाबरतात, पण पाणी उडत असताना थेंब स्वतः बराच थंड राहतो. कोरडा झालेला कण सायक्लोनमध्ये जे तापमान सोसतो ते आउटलेटचे, आणि तो तेथे बॅच संपेपर्यंत पडून राहतो.

आता जुलैचा घोळ समजून घेऊ. ३० अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत किलोमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. डिसेंबरातल्या २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते १० ग्रॅमच असते. आपल्या फीडमधून उडणारे पाणी तासाला १२० ग्रॅम आणि हवा तासाला सुमारे ४० किलो, म्हणजे फीडची भर किलोमागे अवघी ३ ग्रॅम. आम्ही महिनाभर फीडचा वेग कमी-जास्त करत बसलो होतो, आणि सात-आठ पट पाणी खिडकीतून आत येत होते. ६० अंशांच्या आउटलेटला या पाण्यामुळे जुलैत सुमारे २० टक्के आणि डिसेंबरात सुमारे ११ टक्के सापेक्ष आर्द्रता पडते. कण याच हवेशी समतोल साधतो, पाणी धरतो, त्याचे काच-संक्रमण तापमान आउटलेटच्या खाली येते आणि तो काचेला चिकटतो.

आउटलेट ७५ अंशांवर नेले तर हिशेबाने आर्द्रता पुन्हा ११ टक्क्यांवर येते, म्हणून हा उपाय मोहात पाडतो. आम्हीही तो करून पाहिला. पावडर मोकळी आली, पण विअमिडीकरण झालेले शिखर वाढले, आणि पंधरा अंश जास्त गरम काचेवर चिकटण्याची सीमा विशेष दूर गेलीच नाही. खरा उपाय म्हणजे आत येणारी हवा आधीच कोरडी करणे. डीह्युमिडिफायर जोडून हवेचा दवबिंदू ५ अंशांवर आणला, की ६० अंशांच्या आउटलेटलाही आर्द्रता ७ टक्क्यांच्या आसपास राहते आणि जुलै-डिसेंबर हा भेदच मिटतो. नोझलच्या दाबलेल्या हवेत एकूण पाणी अल्प असले तरी कॉम्प्रेसरचे तेल व पाण्याचे थेंब येऊ शकतात, म्हणून रोज सकाळी ड्रेन उघडावा आणि गाळणी तपासावी. प्रत्येक बॅचच्या नोंदवहीत इनलेट, आउटलेट आणि फीड यांच्याबरोबर खोलीचे तापमान व आर्द्रता हे दोन रकाने घालावेत. हे दोन रकाने नसलेली जुनी नोंदवही आम्हाला काहीच शिकवू शकली नाही.

बॅच संपल्यावर बाटली गरम असतानाच झाकण लावावे आणि ती २० टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडावी. पावडर अतिसूक्ष्म आणि श्वसनयोग्य आहे हे आपल्याही फुप्फुसांना लागू पडते, त्यामुळे साध्या कापडी मास्कवर हे काम करू नये.

तपासणी

पहिल्या तासातच कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजावे. २ ते ३ टक्क्यांच्या खाली असेल तरच पुढचा खर्च करावा. डीएससीवर (उष्णतेचे बदल मोजणाऱ्या यंत्रावर) काच-संक्रमण तापमान पाहावे. साठवणुकीच्या तापमानापेक्षा ते ५० अंशांनी वर असावे असा व्यवहारातला दंडक आहे. क्ष-किरण विवर्तनात ल्युसिनची शिखरे दिसली आणि ट्रेहलोजची दिसली नाहीत, तर कवच व चौकट दोन्ही जागेवर आहेत असे समजावे. पेप्टाइड शाबूत आहे की नाही हे एचपीएलसीवर आणि ते एकत्र गोळा झाले आहे का हे आकारवर्जन क्रोमॅटोग्राफीवर, सुकवण्यापूर्वीच्या द्रावणाशी तुलना करून पाहावे.

कसोटीचा खरा प्रसंग नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टरवर, म्हणजे ओढलेली पावडर कणांच्या आकारानुसार वेगवेगळ्या कपांत गोळा करणाऱ्या यंत्रावर, येतो. उपकरणावर ४ किलोपास्कल दाबफरक पडेल तो प्रवाह ठरवून एकूण ४ लिटर हवा ओढावी. प्रवाह मिनिटाला ६० लिटर असेल तर झडप ४ सेकंद उघडी ठेवावी लागते. कपांना पातळ लेप दिला नाही, तर कण उसळून पुढच्या टप्प्यात जातात आणि पावडर आहे त्यापेक्षा बारीक भासते. सर्व टप्प्यांवरचे पेप्टाइड मिळून छापील मात्रेच्या ८५ ते ११५ टक्क्यांत बसले नाही, तर ती चाचणी ग्राह्य धरू नये. आमची बेरीज सुरुवातीला ७० टक्क्यांवर अडायची. पावडर कोठेही हरवलेली नव्हती, पेप्टाइड कपांना आणि काचेच्या बाटल्यांना धरून बसत होते. धुण्याच्या द्रावणात किंचित पॉलिसॉर्बेट (साबणासारखे पृष्ठक्रियाशील द्रव्य) घातल्यावर हिशेब जुळला. चाचणीची खोलीही ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर बांधून ठेवावी, कारण फार कोरड्या हवेत स्थिर विद्युत आणि फार दमट हवेत चिकटपणा, दोन्ही निकाल बिघडवतात.

कॅप्सूल, उपकरण, वेष्टन

जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असते. ते पावडरीत उतरते आणि कॅप्सूल ठिसूळ होऊन टोचताना तिचे तुकडे पडतात. म्हणून एचपीएमसीची (सेल्युलोजपासून बनणाऱ्या द्रव्याची) ३ नंबरची कॅप्सूल घ्यावी आणि तीही भरण्यापूर्वी कोरड्या कपाटात काही दिवस ठेवावी. आपल्याकडील रुग्णांना रोटाहेलरसारख्या उपकरणांची सवय आहे आणि त्यांचा हवेला होणारा प्रतिकार कमी असतो, त्यामुळे पावडर नीट सुटी होण्यासाठी जोरात ओढावे लागते. वयस्कर रुग्णाला तेवढी ओढ जमत नाही, हे ध्यानात घेऊन इम्पॅक्टरची एक फेरी मुद्दाम कमी प्रवाहावर करावी. दोन प्रवाहांच्या निकालांत फार तफावत असेल तर उपकरण बदलावे किंवा ल्युसिन वाढवावे.

वेगवेगळ्या ताकदीची वेष्टने काढायची असतील, तर एक धडा लक्षात ठेवावा. एक्झुबेराच्या १ मिलिग्रॅमच्या तीन पुड्या घेतल्या, तर ३ मिलिग्रॅमच्या एका पुडीपेक्षा जास्त इन्सुलिन रक्तात जात असे, आणि तशी सूचना पत्रकात द्यावी लागली होती. लहान पुडीतून औषध अधिक चांगले बाहेर पडते, तेव्हा साधा गुणाकार येथे चालत नाही.

कॅप्सुली दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या ब्लिस्टरमध्ये बंद कराव्यात. स्थिरता अभ्यासासाठी प्रवेगित स्थिती ४० अंश व ७५ टक्के आर्द्रता असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत भारतासाठी दीर्घकालीन स्थिती ३० अंश व ७० टक्के दिली आहे. पेप्टाइड शीतकपाटात ठेवण्याचे ठरले, तर ५ अंशांवर वेगळा अभ्यास लागतो. बंद वेष्टनाबरोबरच उघड्या कॅप्सूलचाही अभ्यास करावा. अफ्रेझाचे बंद पाकीट खोलीच्या तापमानाला १० दिवस आणि उघडलेली पट्टी ३ दिवसच वापरता येते. आपल्या पावडरीसाठी हा आकडा काढताना मी उघड्या कॅप्सुली ३० अंश व ८५ टक्क्यांवर ठेवून ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी इम्पॅक्टरवर घेतो, कारण ऐरोलीच्या चाळीत ऑगस्टमध्ये पट्टी फाडून फोन घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातची कॅप्सूल याच हवेत पडून राहणार आहे. १५ मिनिटांनंतर सूक्ष्म कणांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक घसरले, तर 'पट्टी फाडताच ओढावी' ही ओळ पत्रकाच्या तळाशी न ठेवता प्रत्येक खणावर छापून घ्यावी, आणि ल्युसिनचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढवून पुढची बॅच जुलैमध्येच घ्यावी.